आमची भाषा, आपली भाषा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आपल्या अध्ययन-अध्यापनाविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आमचा विषय भाषेचे मानसशास्त्र. माणूस भाषा कशी आत्मसात करतो, ऐकलेले त्याला कसे उमगते, अक्षरांवरून नजर फिरवताना अर्थ कसा लागतो, आणि दुसऱ्याच्या बोलण्याच्या धाटणीवरून त्या माणसाविषयी तो मत कसे बनवितो, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे हा विषय. तो शिकण्यात आणि कोल्हापुरातील महाविद्यालयीन वर्गांत शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. पदे आणि समित्या यांची यादी देऊन वाचकांना शिणवावे असे वाटत नाही. मात्र या अभ्यासाने एका प्रश्नाचे उत्तर आमच्या हाती दिले, आणि तोच प्रश्न आज आपल्या विद्यालयाच्या पालक-सभांतून वारंवार ऐकू येतो. घरची बोली घेऊन येणाऱ्या मुलाचे शाळेने काय करावे? ती बोली मोडून काढावी, की तिच्यावर पुढची इमारत उभी करावी?

आमची स्वतःची शालेय वर्षे याच विद्यालयाच्या वसतिगृहात गेली. पहाटेची वंदना, मग झाडलोट, मग अभ्यासिका, आणि ताट घेऊन उभी राहिलेली जेवणाची रांग. त्या रांगेत जिल्ह्यातल्या सगळ्या बोली एकत्र येत. चंदगडच्या मुलांच्या बोलण्यात कोकणीचा सूर असे; शिरोळकडची आणि निपाणी-चिकोडीकडची मुले कन्नड ऐकत वाढलेली असत; शाहूवाडी आणि राधानगरीच्या डोंगराळ भागातली मुले हेल काढून बोलत. भाकरीबरोबर जे वाढले जाई त्याला एक जण कोरड्यास म्हणे, दुसरा कालवण, तिसरा आमटी. पहिले काही दिवस यावरून हसाहशी होई आणि पंधरा दिवसांत सर्वांना सर्व शब्द कळू लागत. त्या वयात यात काही विशेष आहे असे कोणाला वाटले नव्हते. पुढे अभ्यासाला लागल्यावर कळले, की जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या गोष्टींचा शोध घेतला जातो त्यांतल्या कितीतरी त्या रांगेत रोज घडत होत्या.

पण त्या रांगेतली बडबडी मुले वर्गात आली की त्यांतली काही गप्प होत. विशेषतः बाहेरचे पाहुणे किंवा तपासणीसाठी अधिकारी आले की प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेला मुलगाही खाली पाहत उभा राही. "मुलगा मुखदुर्बळ आहे," असे पाहुणे म्हणत. संध्याकाळी तोच मुलगा मैदानावर अर्धा तास न थांबता हकीकत सांगत असे. ही दोन रूपे एकाच मुलाची कशी, हे कोडे आमच्या पुढच्या साऱ्या अभ्यासाच्या मुळाशी राहिले.

या कोड्याचा पहिला धागा मुलाच्या घरच्या भाषेतच आहे. मूल मोठ्यांचे ऐकून नक्कल करते, बरोबर बोलले की शाबासकी मिळते आणि अशी भाषा येते, असा समज फार काळ रूढ होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली याच धर्तीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, आणि १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी त्याची कठोर चिकित्सा केली. त्याच सुमारास, १९५८ साली, जीन बर्को यांनी एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचे चित्र दाखवायचे, त्याला एक बनावट नाव द्यायचे आणि मग तसेच दोन प्राणी दाखवून त्यांना काय म्हणाल, असे विचारायचे. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन मुलांनी नियमाने तयार केले.

हा प्रयोग मराठीत कोणालाही घरी करता येतो. मुलाला म्हणावे, हा एक 'लिपका'. आता दुसरा आला, तर हे दोन कोण? मूल 'लिपके' म्हणते. 'लिपकी' म्हटले तर 'लिपक्या' म्हणते. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणणाऱ्या लहान मुलालाही आपण चूक समजून हसतो. वास्तविक ते कोणाची नक्कल करीत नसते, नियम लावून पाहत असते. शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवणारे मूल, मग ते वाड्यातले असो वा वस्तीतले, एका संपूर्ण भाषेचे व्याकरण डोक्यात घेऊन आलेले असते. भाषेच्या बाबतीत रिकामे मूल आमच्या पाहण्यात आले नाही.

दुसरा धागा उच्चारांचा. 'आणि'ला 'आनि' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणण्यावरून आपल्या समाजातील किती मुलांनी टोमणे ऐकले असतील! त्याला कोणी आळस म्हणतात, कोणी जिभेचे जडत्व. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हा भेद इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना ऐकूनही धड कळत नाही. पण इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळतो, आणि वर्षाच्या आसपास ती क्षमता मावळते. म्हणजे निसर्ग प्रत्येक बाळाला भेद टिपणारे कान देतो, आणि भोवतालच्या बोलण्यात जे भेद अर्थासाठी लागतात तेवढेच पुढे धारदार राहतात. ज्या घरात 'न' आणि 'ण' यांचे काम एकच ध्वनी करतो, त्या घरातल्या मुलाचा कान त्या घराच्या भाषेला अगदी बिनचूक जुळलेला असतो. त्याला 'ण' पुढे शिकविता येतो आणि शिकवावाही. पण जिभेत दोष आहे असे समजून शिकविणे वेगळे आणि एक नवा ध्वनी देतो आहोत असे समजून शिकविणे वेगळे.

कोल्हापूरच्या मुली 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. बाहेरगावी शिकायला गेलेल्या कितीतरी मुलींनी यावरून थट्टा सोसली आहे. शेजारच्या कन्नडमध्ये 'मी'बरोबर येणाऱ्या क्रियापदात स्त्री-पुरुष असा भेद नसतो, ही गोष्ट त्या थट्टेखोरांना ठाऊक नसते. भाषा शेजारधर्म पाळतात. कोल्हापूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावर, सांगलीजवळ, कुपवाड आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावाच्या भाषाव्यवहारावर १९७१ साली प्रसिद्ध केलेला निबंध जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकविला जातो. तेथे जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुस्लिम कुटुंबे उर्दू, दोर वळणारी मंडळी तेलुगू, आणि अस्पृश्य मानलेले व भूमिहीन लोक मराठी. शतकानुशतके एकत्र राहून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती, की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येई. आणि वेगवेगळ्या गटांचे लोक आपसांत बोलत तेव्हा बहुधा मराठीत बोलत. गावात ज्यांना सर्वांत खालची पायरी दिली होती, त्यांच्या घरची भाषा गावाला जोडणारी भाषा झाली होती.

त्या निबंधातला एक तपशील आमच्या विशेष आवडीचा आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. उर्दूत हा भेद नाही. पण कुपवाडच्या उर्दूने तो शेजाऱ्यांकडून उचललेला आढळला. 'आम्ही' आणि 'आपण' यांतले अंतर इतके उपयोगाचे, की एका भाषेने ते दुसरीकडून मागून घेतले! वर्गात हा भाग आला की आम्ही विद्यार्थ्यांना विचारीत असू: प्रमाण मराठीविषयी बोलताना तुमच्या मनात कोणता शब्द येतो, 'त्यांची' की 'आपली'? बहुतेक वेळा वर्ग शांत होई. त्या शांततेतच वसतिगृहातल्या गप्प मुलाचे उत्तर होते.

कारण भाषेविषयीचा न्यूनगंड आतून उगवत नाही, तो बाहेरून आत जातो. वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली माँट्रियल शहरात केलेला प्रयोग पाहावा. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींनी एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचला. आवाज त्याच माणसांचे आहेत हे न सांगता श्रोत्यांना प्रत्येक आवाजाविषयी मत विचारले. तोच माणूस इंग्रजीत वाचताना श्रोत्यांना अधिक बुद्धिमान आणि अधिक भरवशाचा वाटला. आणि फ्रेंच हीच ज्यांची मातृभाषा, त्या श्रोत्यांनीही फ्रेंच आवाजाला कमी लेखले. वरचढ गटाचे मत दबलेला गट आपलेच मानून बसतो, याचा याहून स्पष्ट दाखला विरळा.

याच अंगाचा एक अभ्यास आपल्या देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात जाहीर केली नाही तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत अंतर पडले नाही. सर्वांसमोर नाव-गाव-जात वाचून दाखविली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुले तशीच. बदलला तो खोलीतला वारा. बोली हीदेखील अशीच न बोलता केलेली जातीची घोषणा ठरते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे.

वारा बदलला की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीय मुलांना 'भाषाच नाही' असे तेथील काही शिक्षणतज्ज्ञ म्हणत. विल्यम लबॉव यांनी १९६९ साली त्याचे खंडन केले. आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीत जेमतेम एकेका शब्दाने उत्तर देत होता. पुढच्या वेळी मुलाखत घेणारा बटाट्याचे वेफर्स घेऊन गेला, मुलाच्या जिवलग मित्रालाही सोबत बसविले आणि स्वतः जमिनीवर बसला. मग त्याच मुलाला बोलताना आवरेना. आम्ही हा प्रसंग वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर हार्लेम आले नाही. आपल्या वसतिगृहाचे मैदान आले.

या मातीला हा विचार नवा नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका वर्गात बसविण्याचा आदेश दिला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केले, त्याला महाराजांचे साहाय्य होते. आणि त्याच वर्षी २१ व २२ मार्चला माणगावची परिषद झाली. त्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक'. ज्यांना मूक म्हटले ते मुके नव्हते. त्यांच्याजवळ भाषा होती, ओव्या होत्या, जलसे होते. ऐकून घेणारे व्यासपीठ नव्हते. मुखदुर्बळ ठरविलेल्या मुलाचे कोडे बाबासाहेबांनी त्या एका नावात उलगडून ठेवले आहे. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारशी घ्यावी लागली, हेही विसरता येत नाही. कोणती भाषा कोणाची, हे दुसऱ्याने ठरविण्याचा तो काळ होता.

याहून मागे गेले तर तथागतांचे वचन आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या आणि सुरेख वाणी असलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली, की नाना गोत्रांचे, नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवितात. ते छंदात बांधावे. भगवंतांनी त्यांना खडसावले आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया', म्हणजे स्वतःच्या भाषेत, शिकण्यास अनुमती दिली. आचार्य बुद्धघोषांनी या शब्दांचा अर्थ भगवंतांची स्वतःची मागधी असा लावला आहे. अनेक आधुनिक अभ्यासक मात्र तो ज्याची त्याची भाषा असा घेतात, आणि प्रसंगाचा रोख पाहता तोच अर्थ आम्हांला सरळ वाटतो.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्त तर भाषाशास्त्राचा पाठच आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या प्रदेशांत पाती, पत्त, सराव, पोण अशी निरनिराळी नावे आहेत. आपलाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरला की कलह होतो. ज्या ठिकाणी जो शब्द चालतो तो समजून वापरला की कलह होत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्याच सुत्तात रूढ व्यवहार झुगारू नये असेही म्हटले आहे. कोरड्यास, कालवण आणि आमटी यांची आमची रांग पंधरा दिवसांत याच शहाणपणाला पोहोचत असे. आणि मुलाच्या बोलीला हसणे ही फरुसावाचा, कठोर वाणी, आहे. सम्यक वाचेत तिला जागा नाही.

मग प्रमाण मराठी शिकवू नये काय? इंग्रजी शिकवू नये काय? असा अर्थ कोणी काढू नये. बाबासाहेबांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवून जगाशी वाद घातला, मराठीत पत्रे चालविली आणि पुढे पाली व्याकरण व शब्दकोशाचे कामही केले. एक भाषा मिळविण्यासाठी दुसरी टाकून द्यावी लागते, हे त्यांच्या चरित्रात कोठेही दिसत नाही. संशोधनही तेच सांगते. ओडिशातील कोंध आदिवासींच्या काही गावांत कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा नांदत होत्या, तर काही गावांत कुई लोपून केवळ ओडिया उरली होती. बाकी जीवनमान सारखेच. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी या दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली, तेव्हा घरची भाषा राखून दुसरी शिकलेली मुले बौद्धिक कसोट्यांत आणि भाषेविषयी विचार करण्याच्या शक्तीत सरस आढळली.

आपल्या भागातला दाखला हवा असेल तर फलटणकडे पाहावे. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांवर त्यांनी प्रबंध लिहिला, तेथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि शाळेतून बाहेर पडलेल्या दलित वस्तीतील मुलांना वाचायला शिकवू लागल्या. त्यातूनच पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे राहिले. संपूर्ण वर्णमाला आधी पाठ करून घेण्याऐवजी थोडी अक्षरे आणि मात्रा देऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला आणि लिहायला लावायचे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. आपल्या लिपीच्या खोचा खऱ्या आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांच्या २००२ सालच्या अभ्यासात अशा शब्दांपाशी हिंदी वाचकांचा वेगही मंदावलेला दिसला. तेव्हा पहिलीतले मूल तेथे अडखळले तर ते मंद नव्हे. लिपीच त्याला एक उडी मारायला सांगत असते.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर सांगता येईल. गावठी बोलल्याबद्दल मुलांना दंड करावा, वसतिगृहात केवळ इंग्रजीच बोलावे असा नियम करावा, अशी मागणी करणाऱ्या आई-वडिलांच्या पोटातली माया आम्ही जाणतो. आपण जे सोसले ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढेच त्यांना म्हणायचे असते. परंतु दंडाने बोली जात नाही, बोलणे जाते. गप्प बसायला शिकलेले मूल इंग्रजीतही गप्पच बसते. इंग्रजी उत्तम शिकवावी, प्रमाण मराठी काटेकोर शिकवावी; मुलाखतीत, परीक्षेत, न्यायालयात तिची गरज पडते हे मुलांना स्पष्ट सांगावे. 'तू चुकीचे बोलतोस' असे न म्हणता 'घरी असे म्हणतात, अर्जात असे लिहितात' असे म्हणावे. दोन्ही वाक्यांनी 'ण' शिकविता येतो. दुसऱ्या वाक्याने मुलाचे घरही शाबूत राहते.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मूल सुटीत घरी आले की त्याच्याशी भरपूर बोलावे, आपल्याच बोलीत बोलावे. आजीला येणाऱ्या गोष्टी त्याला सांगू द्याव्यात. लिहिता-वाचता येत नसलेली आई मुलाला भाषेत काही देऊ शकत नाही, हा गैरसमज मनातून काढून टाकावा. त्याच्या पहिल्या हजारो शब्दांची शिक्षिका तीच असते.

विद्यालयासाठी एक सूचना करतो आणि थांबतो. प्रत्येक वसतिगृहात एक शब्दवही ठेवावी. चंदगड, शाहूवाडी, शिरोळ, गडहिंग्लज, निपाणी येथून आलेल्या मुलांनी तीत आपापल्या घरचे शब्द लिहावेत. समोर प्रमाण मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि ज्येष्ठ मुलांना जमेल तेथे पाली शब्दही लिहावा. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा येऊन तीत भर घालावी. खर्च एका वहीचा आहे. आम्ही आमच्यापुरते पहिले पान भरून देऊ. त्यावर पहिला शब्द 'कोरड्यास' असेल. पुढची पाने आपण सर्वांनी भरायची आहेत.

नमो बुद्धाय. जय भीम.